सात दाणे

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘रात्रभर भिजवावा, पाणी बदलावं आणि किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा. अर्धवट शिजलेला राजमा विषारी असतो.’

तिनं ते दोनदा वाचलं. पाकिटाचं तोंड बांधायला घेतलं म्हणून ते उलटं झालं होतं. नाहीतर मागची बाजू कोण वाचतं?

दोनला पाच कमी होते. जेवणं एकला झाली होती.

ढब्बू, तिचा पावणेतीन वर्षांचा मुलगा, टेबलाखाली ट्रक चालवत होता. तोंडानं घुर्र घुर्र चाललं होतं. शेजारी त्याची ताटली. चार शितं सोडली तर स्वच्छ. तासाभरापूर्वी ती ताटली बघूनच तिनं त्याला उचलून दोन गिरक्या घेतल्या होत्या.

तिनं शेजारणीला फोन लावला. ती याच मजल्यावर राहायची, हिच्यासारखीच शिकणारी. दोघींनी मिळून ठरवलं होतं, महिनाभर मांस-मासे-अंडी बंद, बघू विद्यावेतन महिनाअखेरपर्यंत पुरतं का. आज नववा दिवस.

“तो थर्मासचा प्रकार तू सांगितलास ना? उकळतं पाणी, त्यात दाणे, झाकण घट्ट, रात्रभर. गॅस लागतच नाही म्हणालीस.”

“हो, मसूर काय मऊ होतो!”

“मी राजमा केला.”

पलीकडे काचेचं काहीतरी घाईनं खाली ठेवल्याचा आवाज आला. “अगं बाई! मी मसुराचं सांगितलं होतं. राजम्याचं कुणी सांगितलं तुला?” मग आवाज खाली गेला. “ढब्बूला दिलास? आधी दवाखान्यात फोन लाव. मी प्रयोगशाळेत अडकलेय, सहाच्या आत नाही सोडणार आमचे सर.”

दवाखान्याचा नंबर ढब्बूच्या जन्मापासून फ्रिजवर चिकटवलेला होता. तो कधी लावावा लागू नये, म्हणून ती रोज एकदा त्याच्याकडे बघून घ्यायची. आज बघून बघून लावतानाही तिचा एक आकडा चुकला.

“ताई, आधी श्वास घ्या,” नर्स म्हणाली. “बाळाचं वजन?”

“साडेबारा किलो.”

“उलटी? पोट दुखतंय म्हणतोय?”

“नाही. ट्रक चालवतोय.”

“किती दाणे खाल्ले?”

ती गुडघ्यांवर बसली, टेबलाखाली वाकली. “ढब्बू, राजा, राजमा किती खाल्लास?”

“पाच.”

“पाच म्हणतोय,” ती फोनमध्ये म्हणाली. “पण त्याच्याकडे सगळंच पाच असतं हो. त्याला पाचच्या पुढे येतच नाही.”

“बरं, ताटलीत तुम्ही किती दिले होते?”

“सात. सहा आणि सात शिकवायचे होते.”

“चार-पाच दाण्यांनीही त्रास होतो, ताई. बघा, कुठे सांडलेत का. मी फोनवर आहे.”

तिनं खुर्ची सरकवली. सतरंजी झटकली. ढब्बूचे खिसे उलटे केले, तर एक बटण निघालं. “तोंड उघड. आ कर. मोठ्ठा आ.” गाल, जीभ, दात. काही नाही. ढब्बूला हा खेळ वाटला, तो खिदळला.

“ट्रक जेवला,” तो म्हणाला.

“काय?”

त्यानं ट्रकची मागची फळी पाडली. आत दाणे होते, लालसर, ओलसर, एकाही दाण्याला दात लागलेला नव्हता. तिनं एकेक बोटानं बाजूला केला. सहा. सातवा त्याच्या टाचेखाली चपटा होऊन चिकटला होता. तो तिनं नखानं खरवडून काढला आणि हातावर ठेवून बघत राहिली.

“सात,” ती म्हणाली. “सातच्या सात. त्यानं खाल्लेच नाहीत.” आणि रडायलाच लागली. “ट्रकला घातले.”

“गुणी आहे हो ट्रक,” नर्स हसली. “मग झालं तर. आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही किती खाल्लेत?”

मोरीत तिची वाटी पडली होती. चमच्यानं कडेकडेनं निपटलेली. दाणे जरा करकरीत लागले होते. चावायला वेळ लागतो, तेवढं पोट भरतं, असं तिनं स्वतःशी म्हटलंही होतं.

“वाटीभर. वर पुन्हा थोडे घेतले.”

नर्सचं हसू थांबलं. “घरात आणखी कोण आहे?”

“ढब्बू.”

“मोठं माणूस, ताई.”

“याचे बाबा सातला येतात.”

“पत्ता सांगा. दर वीस मिनिटांनी मी फोन करीन. तुम्ही उचलला नाहीत तर गाडी पाठवते. जोराच्या उलट्या सुरू झाल्या की माणसाला उभं राहवत नाही, म्हणून दाराची कडी काढा, बाकीचंही आत्ताच आवरून ठेवा.”

तिनं पत्ता सांगितला. बोलता बोलताच पोटात खोलवर काहीतरी पिळवटलं आणि सुटलं. भीतीनंच असेल, असं ती मनाशी म्हणाली.

तिनं गॅसचा कॉक बंद केला. सुरी वरच्या फळीवर टाकली. बिस्किटं आणि पाण्याची बाटली खाली, ढब्बूच्या हाताला येईल अशी ठेवली. मग भिंतीचा आधार घेत दाराशी गेली.

दाराची कडी उंचावर होती. ढब्बू चालायला लागला तेव्हा तो जिन्याकडे पळू नये म्हणून तिनंच ती मुद्दाम तिथे बसवून घेतली होती. एक हात पोटावर दाबून, टाचा उंचावून, तिनं ती काढली.

मागची घुर्र घुर्र थांबली. ढब्बू दाराकडे बघत होता.