चिंचेखालची जागा

“कुणी पायाळू न्हाई ना ग आपल्यात?” उमाबाईनं चिंचेच्या बुंध्याला टेकत विचारलं.

आभाळ वाजायला लागलं की हा सवाल ठरलेलाच. पायाकडून जन्मलेल्या माणसाला वीज हुडकत येते, अशी तिकडची समजूत. तसं कुणी असेल तर त्यानं झाडाखालून निघायचं. सोयाबीन कापायला आलेल्या बाया माना हलवून हसल्या. शिवकांताही हसली. लग्न होऊन शिरूर अनंतपाळच्या या शिवारात आल्यापासून ती अशीच हसत आली होती.

पण ढग गडगडला तसा तिच्या कानात काचेचा चुडा किणकिणला. आईचा. दरवेळी किणकिणायचा. माहेरी, लोह्याकडच्या रानात, अशाच एका चिंचेखालून बायांनी त्या मायलेकींना हुसकून लावलं होतं. आईनं तिला सरीत निजवलं, चुड्याच्या हातानं वरून पदर धरला आणि हळू आवाजात ओवी धरली:

ढग वाजतो वाजतो, चल लेकी दूर जाऊ
दुसऱ्याच्या सावलीत आपण गं कशा राहू

ओवी सरायच्या आत चिंच फाटली. झाडाखालची एकही बाई उठली नाही. वीज वाट चुकून तिकडं गेली, असं गाव म्हणालं. ते गाव मागं राहिलं. ओल्या पाल्याचा जळका वास मात्र शिवकांताच्या मागोमाग सासरी आला.

“आई, इथून निघायला पाहिजे.” अक्षरा, तिची अकरावीतली लेक. लातूरच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी ती सकाळपासून विळा चालवता चालवता बेंजामिन फ्रँकलिन घोकत होती. साबण-मेणबत्त्या करणाऱ्याचं पोरगं. दहाव्या वर्षी शाळा सुटली, छापखान्यात राबलं. पुढं त्यानं शेगडी सुधारली, लांबचं-जवळचं दोन्ही दिसेल असा चष्मा केला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, देशाचा राजदूत होऊन फ्रान्सला गेला. घरांवर उंच सळया लावून त्यानंच वीज जमिनीत उतरवली. यातलं शिवकांताच्या काळजात रुतलं ते लेकीचं एकच वाक्य: वीज माणूस बघत नाही, उंची बघते.

“काकू, चला ना. झाडाखाली नका थांबू. पाय जुळवून सरीत बसू.”

“तुझ्या त्या गोऱ्याला म्हणावं, ये हितं आन् भीज,” बायांतली सिंधू खिदळली. “भाषण लातूरला कर बाई.”

उमाबाईनं तर अक्षराला दंडाला धरून जवळ ओढलं, स्वतःच्या पोत्याच्या खोळीत घेतलं. मायेनंच. “बस ग गप. सर्दी हुईल.”

शिवकांतानं वर बघितलं. चिंचेचा शेंडा ढगात बुडाला होता. चुडा आता थांबेचना.

“मी हाय पायाळू,” ती म्हणाली.

बाया तिच्यापासून दूर सरकल्या.

“इतकी वर्सं लपिवलं. आन् आता मी हितनं हलत न्हाई. तुमी ऱ्हावा न्हाईतर जावा.” ती बुंध्याला पाठ लावून बसली.

“भवाने! अदुगर सांगाया काय झाल्तं?” बाया उठल्या आणि विळे तिथंच टाकून वाट फुटेल तिकडं पांगल्या. उमाबाईनं अक्षराला फरपटत नेलं. शेवटची बाई दूर सरीत बसलेली दिसली, तशी शिवकांता उठली आणि दुसऱ्या अंगाला पळत सुटली. पाय जुळवून, मान गुडघ्यांत घालून बसली. लेकीनं सांगितलं होतं तसं.

रान पांढरं झालं. चिंच फाटली.

तोच वास. मग एकेक डोकं वर आलं. सगळ्या होत्या.

“बघितलं? तिलाच हुडकत आल्ती!” उमाबाई लांबून ओरडली. “तिकडंच ऱ्हा ग बाई! पुन्यांदा आमच्या जवळ बसू नको!”

“हाव,” शिवकांता म्हणाली.

अक्षरा तेवढी वाकत वाकत तिच्यापाशी आली. “आई, कधी बोलली नाहीस. तू पायाळू?”

“न्हाई ग.” शिवकांतानं तिच्या डोक्यावर पदर धरला. “माझी आई व्हती. त्या दिसापास्नं मरंस्तोवर, ढग वाजला की घरातनं उठून अंगणात भिजत बसायची. ईज घरावर नको म्हणून. तुझं ते भाषण तिला कुणी ऐकिवलंच न्हाई.”