पांढरे लेबल

बर्फाने भरलेल्या टपात तीन प्रकारच्या बाटल्या होत्या. आतले पेय एकच होते. लेबले तेवढी वेगळी. 'वणवा'वर नारिंगी ज्वाळा होत्या, 'झेप'वर उडी घेणारा बिबट्या. तिसऱ्यावर चित्र नव्हते. पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत फक्त 'साकेत', आणि खाली बारीक टायपात 'चंद्रशेखर देशकर, राळेगाव'.

हे तिसरे लेबल साकेतने मुद्दाम इतके नीरस केले होते. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या जागेत निघणाऱ्या शक्तिपेयाला मुलाचेच नाव द्यायचे, असे त्याच्या वडिलांनी, चंद्रशेखर देशकरांनी, ठरवून टाकले होते. आधी बाजारात चाचणी घेऊ, असा साकेतने आग्रह धरला, तेव्हा ते म्हणाले होते, "घे. लोकांनी दुसरं नाव उचललं तर तू खुशाल अहमदाबादला जा. तुझं उचललं, तर कारखाना तुलाच पाहावा लागेल." अहमदाबादच्या डिझाइन कंपनीत त्याला सोमवारी रुजू व्हायचे होते.

"फुकट हाय! एकानं एकच घ्या, मनाले येईन ते!" रहेमानचाचा आठवडी बाजाराच्या गलक्यावर आवाज चढवत होते. जिनिंगच्या यंत्रांवर त्यांची हयात गेली होती. बाटल्या भरायचे नवे यंत्र त्यांच्याच हाती येणार होते.

लोक येत होते. त्यांचे हात ज्वाळांकडे जात, क्षणभर थबकत आणि पांढरी बाटली उचलत. साकेतने उरलेल्या पांढऱ्या बाटल्या बर्फाच्या तळाशी सारल्या. लोकांनी बर्फ उकरून त्या वर काढल्या.

"बाबू, हात काकडतीन तुमचे," चाचा त्याच्याकडे न पाहता म्हणाले.

बाजार समितीतला हमाल उकंडा पांढरी बाटली घेऊन वळला, तसे साकेतने त्याला थांबवले. आपण कोण हे त्याने कुणाला सांगितले नव्हते.

"हीच का घेतली? बिबट्या नाही आवडला?"

"बिबट्या?" उकंडा हसला. "मांगच्या साली बियाच्या थैलीवरबी असाच बिबट्या होता, साहेब. सगळ्या गावानं पेरलं, एका वावरात उगवलं नाही. मंग काय, बिबट्याले धुंडाले जंगलात जा लागते का?"

ओळीत हशा पिकला.

"आणि हे?"

"हे देशकरभाऊच्या पोराचं नाव हाय. कमीजास्त झालं तं त्याच्या दारात जाऊन बसता येते. घर मालूम हाय आमाले."

"दारात कायले?" रहेमानचाचा म्हणाले. "तो काय तुह्या पुढ्यात उभा हाय."

उकंडाने साकेतला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. "तू होय? अरे, सरकीच्या ढिगावर घसरगुंडी खेळे हा! केवढा झाला रे!" आणि बाजूच्या माणसाला सांगायला तो वळला. बातमी ओळीतून मागे मागे सरकत गेली. माणसे टाचा उंचावून पाहू लागली.

साकेतने मान खाली घालून रिकाम्या खोक्यांची रास नीट लावायला घेतली.

ओळीच्या तोंडाशी लालीबाई उभी होती. तांड्यावरून ती कापूस वेचायला येई. बोटांच्या पेरांना बोंडांचे ओरखडे होते. पांढरी बाटली तिने हातात घेतली होती, पण उघडली नव्हती.

"अन् हा तं शिकाले पुण्याले राह्यते म्हनत," ती म्हणाली.

"राहत होतो," साकेत म्हणाला.

"आता?"

त्याने हातातले खोके राशीवर ठेवले.

"इथं राह्यनार नसशीन, तं तुह्यं नाव कायले लावलं रे बापू? घर हाय, पन घरात मानूस नाही. मंग त्या बिबट्यात अन् तुह्यात काय फरक?"

तिने बाटली पुन्हा बर्फात ठेवली. तिच्या मागच्या माणसाने टपाकडे नेलेला हात मागे घेतला. ज्यांनी बाटल्या आधीच घेतल्या होत्या, तेही झाकणावर बोटे ठेवून थांबले. कुणी रागावलेले नव्हते. ते फक्त उत्तराची वाट पाहत होते.

साकेतने चाचांकडे पाहिले. चाचा बर्फाची लादी फोडत होते. लादी केव्हाच फुटली होती, तरी ते घाव घालतच राहिले.

"राहीन," साकेत म्हणाला.

"काय म्हनतो? आयकू नाही आलं."

"इथंच राहीन, काकी."

लालीबाईने बर्फातून तीच बाटली उचलली आणि झाकण पिळले. मागे ओळीत एकामागून एक झाकणे कडकडली. चाचांचा हात थांबला. लालीबाईने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि पदराने ओठ पुसले.

"लयच गोड केलं रे," ती म्हणाली. "पुढच्या बाजारी साखर कमी टाक."