सहा गोल

मंदाकिनीबाईंना जन्मापासून दिसत नाही, तरी तीस वर्षं अख्ख्या ऑफिसचे फोन त्यांनीच जोडून दिले. आता पेन्शनसाठी ॲपवर हयातीचा दाखला भरायचा, तर बोलणारा फोन जिथे बोट ठेवावं तिथे एवढंच सांगायचा, "बटण. बटण. बटण." कुठलं कशाचं, पत्ता नाही. मग दर वर्षी शेजारच्या आमोदची मनधरणी.

एकदा ॲपवाल्या कंपनीनं वारज्यात बाईंसारख्या न दिसणाऱ्या दहा जणांना बोलावलं. एकाच मोठ्या कागदावर सगळ्यांनी मिळून आपली अडचण चितारायची. कंपनीतल्या नम्रतानं बाईंच्या हातात जाड खडू दिला. बाईंनी एकसारखे सहा गोल काढले.

"काकू, फुलं का ही?"

"नाही गं बाई, तुमचं ॲप आहे. ओळख बघू, यातलं 'मी जिवंत आहे' कुठलं?"

टाळ्याच टाळ्या! कंपनीच्या साहेबांना चित्र इतकं आवडलं, की नव्या ॲपच्या पहिल्याच पानावर ते झळकलं. नोव्हेंबर उजाडला. बाईंनी यंदा आमोदला हाक न मारता, ऐटीत ॲप उघडलं.



फोन म्हणाला, "चित्र. बटण. बटण. बटण."