फाटकाखाली अहो-जाहो

टिरोल या डोंगराळ मुलुखात एक जुनी रीत आहे. गायरानाचं लाकडी फाटक ओलांडून वर गेलं, की अनोळखी माणसांचंही अरे-तुरे सुरू होतं. उतरताना फाटक मागे पडलं, की पुन्हा अहो-जाहो.

त्या दुपारी शिखरावरून उतरताना धुकं दाटलं. किलियन बुटाची नाडी बांधायला वाकला आणि त्याची बायको बुर्गी पुढे गेली. त्याने तिला गाठलं, तेव्हा ती खडकाला टेकून उभी होती.

"तुझ्याकडे पाणी आहे?" तिने विचारलं.

त्याने बाटली दिली. "हळू पी, गाईसारखी ढोसू नकोस."

एरवी तिने चार शब्द सुनावले असते. आज ती ओठांपुरतं हसली.

"तू नेहमी येतोस इकडे?"

"तूच तर ओढून आणतेस!"

ती वाटभर मागे वळून बघत राहिली.

"सारखं काय बघतेस गं?"

"धुकं हटतंय का ते."

फाटकातून दोघं बाहेर पडली. किलियनने कडी लावायला हात घातला.

"थांबा, लावू नका," बुर्गी म्हणाली.

"पुरे झाली थट्टा." त्याने तिचा हात धरला. तिने तो झटकन सोडवून घेतला.

"तुम्ही सोबत केलीत, उपकार झाले. पण माझा नवरा मागे राहिलाय. नाडी बांधायला थांबला होता."

तेवढ्यात वरून, धुक्यातून, हाक आली. "बुर्गीऽऽ!"

आवाज किलियनचाच होता.

"आले रे!" म्हणत ती फाटकाच्या आत धावली.