तेवढं काढून टाक

"खरं सांगू? हे पप्पांचं काढून टाक," श्रुतिका म्हणाली.

दर्शनाने हातातला समोसा खाली ठेवला. "सगळं?"

"तेवढं सगळं. यार, तिकडच्या लोकांना रडकथा वाचून वाचून वीट आलेला असतो. त्यांना तुझं डोकं बघायचंय, तुझ्या घरात काय झालं ते नाही."

घाटकोपरच्या त्या हॉटेलात दोघी कॉलेजपासून बसत आल्या होत्या. आता दोघी वकील होत्या, एकाच ऑफिसात होत्या आणि लंडनच्या एकाच विद्यापीठात कायद्याच्या मास्टर्सला अर्ज करत होत्या. पूर्ण शिष्यवृत्ती भारतातून एकालाच मिळणार होती. अर्जासोबत स्वतःविषयी एक निवेदन लिहून द्यायचं होतं. श्रुतिकाचं इंग्रजी चांगलं, म्हणून दर्शनाने आपलं तिला तपासायला दिलं होतं.

त्यात भीमराज होते, दर्शनाचे वडील. महापालिकेच्या शाळेत मास्तर. लेकीच्या पहिल्या केसला ते कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसले होते. न्यायाधीशांनी तिचं नाव घेतलं तसे वर्गात हजेरी द्यावी तसे ताडकन उभे राहिले आणि शिपायाची बोलणी खाऊन पुन्हा बसले. त्याच महिन्यात ते हॉस्पिटलात गेले. घरी परत आले नाहीत.

तेवढा भाग श्रुतिकाने दोनदा वाचला होता. मग जुना हिशोब आठवला होता. कॉलेजात भाषणाच्या स्पर्धेत दर्शना पहिली, ही दुसरी. सरांच्या तोंडी दर्शनाचं नाव आधी, हिचं मागून. आणि आता लिहिण्यासारखं हेही तिच्याकडेच.

"गेल्यानंतर त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलंय गं मी," दर्शना म्हणाली.

"मग ते तुझ्याकडे ठेव ना. परक्यांना कशाला वाचायला द्यायचं?"

दर्शनाने थोडा वेळ टिश्यूच्या घड्या घातल्या. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "काढते."

श्रुतिका नाहूरला घरी आली तेव्हा तिचे वडील, जयवंत, निवृत्त झाल्यावर घेतलेल्या लॅपटॉपवर शब्दकोडं सोडवत बसले होते. लॅपटॉप दोघांचा मिळून होता. तो मागितला की ते लगेच उठून द्यायचे.

"झाला काय गो लिवन? माका वाचूक दी मगे."

"इंग्रजीत आहे बाबा. किचकट."

"गोदामाचे रिपोर्ट काय मी चिनीत लिवत होतंय?"

"नंतर देते हो."

"नंतर, नंतर. बापाशीक इचारता कोण!" असं म्हणून ते बशीत चहा ओतायला लागले.

श्रुतिका त्यांच्याकडे बघत राहिली. साठी उलटलेली, तरी धडधाकट. साधा रक्तदाबसुद्धा नाही. आई, अनुपमा, स्वयंपाकघरातून त्यांच्यावर ओरडत होती, ते तिला उलट चिडवत होते. कोणी कधी आजारी नाही, कोणाचं कर्ज नाही, भाऊबंदकी नाही. श्रुतिकाचं निवेदन याच घरासारखं होतं. नीटनेटकं. वाचून कोणी दुसऱ्या दिवशी आठवणार नाही असं.

ती लॅपटॉप घेऊन आत गेली आणि आपलं सगळं निवेदन खोडून नव्याने लिहायला बसली. या वेळी बोटं थांबली नाहीत.

मुलाखतीचा मेल तिला आला. दर्शनाला आला नाही.

"झकास!" दर्शना फोनवर ओरडली. "मला वाटलंच होतं! ऐक, तो निळा कुर्ता घाल. आणि तू घाबरलीस की भरभर बोलतेस, तसं करू नकोस."

फोन ठेवल्यावर श्रुतिकाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण दर्शना एवढी मनापासून का खूश झाली, याचाच तिला राग आला.

मुलाखत शनिवारी दुपारी, व्हिडिओवर होती. आई सकाळीच मावशीकडे गेली होती. बाबांना घराबाहेर कसं काढायचं, या विचारात श्रुतिका असतानाच ते शर्ट चढवून बाहेर आले.

"मी जरा मुलुंडाक शिवदासाकडे जावन येतंय. तुझा चलांदे निवांत."

तिला हायसं वाटलं.

पडद्यावर दोन प्राध्यापिका होत्या. त्यातली वयस्कर बाई म्हणाली, "तुमचं निवेदन वाचलं आणि मी थोडा वेळ बागेत फेऱ्या मारून आले. मग उरलेले अर्ज हातात घेतले."

श्रुतिकाने मान खाली घातली. मग कामगार कायदाच का, परत मुंबईला येणार का, असे प्रश्न झाले. ती सावकाश बोलली. एका ठिकाणी तिचा आवाज कापरा झाला. तिचं तिलाच नवल वाटलं, तो इतका खरा वाटला.

"निकाल रीतसर कळेलच," वयस्कर बाई शेवटी हसली. "पण लंडनच्या थंडीसाठी चांगला कोट घ्या."

लॅपटॉप मिटून श्रुतिका नाचायचीच बाकी होती. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. आधी दर्शनाला? नको. आधी आईला. घरात फोनला नीट रेंज मिळत नव्हती, म्हणून तिने दार उघडलं.

जयवंत जिन्याच्या पायरीवर बसले होते. चपला शेजारी काढून ठेवलेल्या. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"बाबा! शिवदासकाकांकडे गेला नाहीत?"

"नाय. हयच होतंय. कसा झाला?"

"मस्त. मिळणार बहुतेक. पण एवढ्या उकाड्यात इथे काय बसलात? आत यायचं ना, दाराला कडी नव्हती."

गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश उठले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"म्हटलंय, मेललो बापूस मधीच खोकललो तर वाट लागात तुझी."