थोरल्या मास्तरांचा निळा

"आता बघाच गंमत," असं मनाशी म्हणत रंगमास्तर हाताची घडी घालून उभे राहिले. रंगाच्या कारखान्यात आलेला नवा एआय मदतनीस आज तोंडावर आपटणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कामगारांनी त्याचं नाव दीडशहाणा ठेवलं होतं. मालकीणबाईंनी त्याला कंपनीचे चाळीस वर्षांचे कागद खाऊ घातले होते. त्यात जुन्या वह्या होत्या, गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या, कोठीतून माल उचलल्याच्या चिठ्ठ्यासुद्धा होत्या. मास्तरांनी स्वतःच्या वह्या मात्र दिल्या नव्हत्या. त्या कुलपात होत्या.

बाईंनी मुद्दाम अवघड रंग विचारला. थोरल्या मास्तरांचा निळा.

थोरले मास्तर म्हणजे आपल्या मास्तरांचे गुरू. ते गेले आणि तो निळाही गेला. त्यांच्या वहीवरून मास्तरांनी तो शेकडो वेळा बनवला, पण दर वेळी मळकटच उतरला. "विद्या वहीत नसते, हातात असते," असं गुरुजी म्हणायचे. आपला हात तेवढा नाही, हे मास्तरांनी वीस वर्षांपूर्वीच मान्य करून टाकलं होतं. मुकाट्याने, स्वतःशीच. पण ते सलायचं अजून.

तेच वाक्य ते गेली पाच वर्षं पुतणीला ऐकवत होते. ती त्यांच्याच हाताखाली, त्यांनी काढून दिलेल्या वहीवरून रंग जुळवायची. चिकाटी अशी की बघत राहावं, पण तिचे रंग गडद यायचे. आज ती राजीनामा लिहूनच आली होती आणि बाई मोकळ्या होण्याची वाट बघत दाराशी उभी होती.

पडद्यावर उत्तर उमटलं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "वहीत काळा लिहिला आहे. पण हा निळा बनवला त्या एकाही दिवशी कोठीतून काळा उचललेला नाही. दर वेळी जांभळा उचलला आहे. चिठ्ठ्यांवर सही थोरल्या मास्तरांची. काळ्याऐवजी जांभळा घालून बघावा."

"काहीतरीच!" मास्तर म्हणाले. हात मात्र आधीच डब्यांकडे गेले होते.

त्यांनी रंग घोटला, पट्टीवर ओढला, वाळवला आणि जुन्या नमुन्याशेजारी धरला. तसूभर फरक नव्हता.

"दीडशहाणा पास!" बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांचे कान तापले. वीस वर्षं! ज्या माणसाच्या पाया पडल्याशिवाय त्यांनी कधी कामाला हात लावला नाही, त्याने त्यांच्यापासूनही हातचं राखलं होतं. आणि ते बिचारे आपल्याच बोटांना दोष देत बसले होते. त्यांना राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात आधी स्वतःची कीव आली.

तेवढ्यात पुतणीने पुढे होऊन टेबलावर कागद ठेवला.

"काका, तुम्ही म्हणता तेच खरं. तुमच्या वहीत लिहिलंय तस्संच करते, तरी रंग काळवंडतो. माझा हातच नाही या कामाचा."

मास्तर पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी तो कागद उचलला आणि तिच्या हातात परत दिला.

"फाड तो. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, पोरी. माझ्या सगळ्या वह्यांत काळा मीच जास्त लिहून ठेवलाय."