आधी गार पाणी

लाँड्रीच्या बॉयलरचं उकळतं पाणी थेट गटारात सोडू नये, हे बाबांच्या गळी उतरवताना इंजिनीअर लेकीच्या तोंडाला फेस आला होता.

"शेवटी गटारातच जायचंय ना? मग त्याचे एवढे लाड कशाला?"

"गटाराचे पाइप तडकतात, बाबा. आधी ते टाकीत घ्यायचं. टाकीत अगोदरपासून गार पाणी हवं आणि वाफेला वर मोकळी वाट हवी. तीही माणसांपासून लांब, पार गच्चीवर."

कुरकुरत का होईना, बाबांनी टाकी बसवली. काम संपल्यावर वाफेचा पाइप दाखवायला म्हणून लेकीने त्यांना गच्चीवर नेलं आणि हातात गार पाण्याचा तांब्या दिला. तो रिकामा झाल्यावर म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय. समोरच्या लाँड्रीवाल्यांच्या मुलाशी."

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते असे गरजले, की कठड्यावरची कबुतरं उडाली आणि खाली इस्त्रीवाला म्हणाला, "बॉयलरची वाफ सुटली वाटतं!"

लेकीने त्यांना मनसोक्त गरजू दिलं. हळूहळू आवाज उतरला. मग बाबांची नजर रिकाम्या तांब्यावरून पाइपवर गेली, पाइपवरून लेकीवर आली आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

"त्याच्या बापाला सांगितलंस?"

"अजून नाही. ते तुमच्याहून तापट आहेत."

"मग त्यालाही इथेच घेऊन ये," तांब्या तिच्या हातात देत बाबा म्हणाले. "पाणी मात्र हंडाभर ठेव."